आत्याच्या खुणा कोणी पुसल्या

अन्याय माझ्या आत्यावर झाला. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, भांडुपच्या टेकडीवर, आमच्या घरात. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, डाव्या कानात इअरफोन, फोन पोटाशी धरलेला. नळाला पाणी यायला वीस मिनिटं होती आणि ती वीस मिनिटं तिची असायची. तिने रोजच्यासारखं अ‍ॅप उघडलं. फोन म्हणाला, नव्या रूपात आपलं स्वागत आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा. तिने सगळ्या पडद्यावरून बोट फिरवून बघितलं. ‘नंतर’ नव्हतं. ‘नको’ नव्हतं. एकच बटण होतं, ते तिने दाबलं.

थोड्या वेळाने ती ओरडली. एवढी मोठ्याने, की मी खाली अंथरुणात उठून बसले आणि आई हातातला तांब्या घेऊन तशीच बाहेर आली.

“गो, माझ्यो खुणो खंय गेल्यो?”

आत्याच्या तोंडात मालवणी आली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. एरवी ती आमच्यासारखंच बोलते. जन्म भांडुपचा, आजोबा गिरणीत, गावाला जाणं गणपतीपुरतं. मालवणी फक्त रागाला आणि देवाला.

आता खुणा म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आत्या आंधळी आहे. हा शब्द तिचाच. दिव्यांग म्हटलं की ती विचारते, “ह्यात दिव्य काय आहे, सांग ना मला.” पंचविशी ओलांडली आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार लागला, तीन-चार वर्षांत सगळं गेलं. ब्रेल शिकली, पण उशिरा शिकल्यामुळे बोटांना त्याचा वेग आला नाही. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. अख्ख्या ऑफिसचे नंबर पाठ. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, ऑपरेटरची खुर्ची गेली, आणि तिला आवक-जावक विभागात एका कोपऱ्यात बसवलं. काम काही नाही. “मी तिथली कुंडी आहे,” ती म्हणायची, “फक्त पाणी घालत नाहीत.”

तिथून बाहेर पडायचा एकच रस्ता होता, विभागीय परीक्षा. पास झाली तर वरिष्ठ लिपिक, स्वतःचं टेबल, स्वतःचं काम. संधी तीन मिळतात. दोन वेळा ती नापास झाली होती, कारण नियमांचं जाडजूड पुस्तक तिला कोणी ना कोणी वाचून दाखवायचं आणि वाचणाऱ्याला कंटाळा यायचा. तिसरी संधी शेवटची. ह्यात पास झाली नाही तर निवृत्तीपर्यंत कुंडी.

दोन वर्षांपूर्वी तिला हे अ‍ॅप मिळालं. कागदासमोर फोन धरायचा, फोटो निघतो, आणि कागदावर जे आहे ते अ‍ॅप मराठीत वाचतं. शब्दन् शब्द. आवाज वाढवायचं बटण दाबलं की एक वाक्य पुढे, कमी करायचं दाबलं की एक वाक्य मागे. आणि दोन्ही एकदम दाबून धरली की त्या वाक्याला खूण. खूण म्हणजे तिथे तिच्याच आवाजात काहीतरी बोलून ठेवता यायचं. पुढच्या वेळी वाचताना ते वाक्य आलं की आधी तिचा आवाज ऐकू यायचा, मग वाक्य.

ते आख्खं पुस्तक तिने पानापानाने फोनमध्ये घातलं. पानं सरळ धरायला मी, फोन धरायला ती. मग दोन वर्षं रोज पहाटे पाणी यायच्या आधी ती खुणा करत बसली. मी अंथरुणात अर्धवट झोपेत ऐकायची. “हा नियम आणि सतरावा, दोन्ही एकत्र लक्षात ठेव.” “इथे फसवतात.” “इथे ‘करील’ आहे, ‘करू शकेल’ नाही, डोकं जागेवर ठेव.” रजेच्या प्रकरणात एका जागी तिने नुसतंच म्हणून ठेवलं होतं, “अरे देवा.” त्या वाक्याशी आली की ती दर वेळी हसायची.

हे सगळं त्या गुरुवारी गेलं. पानं राहिली, खुणा गेल्या. वाक्य मागेपुढे करायची बटणंही गेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अ‍ॅपने वाचणंच सोडलं. आता पानासमोर फोन धरला की ते त्या पानाचा सारांश सांगायचं. गोड आवाजात. “ह्या पानावर कर्मचाऱ्यांच्या रजेविषयी माहिती आहे. रजा वेळेत मागावी, असे सांगितले आहे.” बस. पूर्ण मजकूर हवा तर तीन पडदे ओलांडून आत जायचं, आणि तिथे तो एका दमात वाचला जायचा, मध्ये थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून.

“रजा वेळेत मागावी!” आत्या म्हणाली. “हे माझ्या आजीने सांगितलं असतं. माका सारांश नको. माका वाचूचा आसा.”

परीक्षेला पाच आठवडे होते.

मी चोवीस वर्षांची आहे आणि भांडुप-मुलुंडच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या एका गटात पत्रकं लिहिते. आमच्याकडे शिकवणूक सरळ आहे: पहिल्या ओळीत सांगा कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला. विशेषणं नंतर. पण त्या सकाळी मला विशेषणांशिवाय काही सुचत नव्हतं. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

“बस की गं एका जागी,” आई म्हणाली. “तुझ्या फेऱ्यांनी खुणा परत येणारेत का?”

पहिलं मी केलं ते म्हणजे घाटकोपरला फोन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले. जुनं अ‍ॅप परत टाकून द्या म्हटलं. दुकानदार पंचवीस-तिशीतला, तोंडात च्युइंगम. त्याने कुठून तरी जुनी फाइल शोधली, टाकली, उघडली. पडद्यावर आलं, ही आवृत्ती आता चालणार नाही, कृपया अपडेट करा.

“मॅडम, ते वरूनच बंद केलंय,” तो म्हणाला. “आपल्या हातात काय नाय.”

“पण फोन आमचा आहे ना?”

“फोन तुमचा. आतलं सगळं त्यांचं.” मग त्याला माझी दया आली असावी. “नवीन छान आहे ना पण. लुक बघा कसला झकास आलाय.”

“ती आंधळी आहे.”

त्याने फोन पुसून परत दिला. पैसे घेतले नाहीत, ह्याचाच मला जास्त राग आला.

मग मी वाचायला बसायचं ठरवलं. मी आहे ना, म्हटलं, मी वाचते तुला. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं वाचलं. गैरहजेरीच्या प्रकरणात असा एक नियम आला, की काही वेळा कर्मचाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची गरज नाही, आणि ती वेळ कुठली ते अधिकाऱ्यानेच ठरवायचं. माझं डोकंच फिरलं.

“म्हणजे ह्यांनी ठरवायचं आणि ह्यांनीच ऐकायचं नाही? हे चालतं कसं?”

“वाच,” आत्या म्हणाली.

“अगं पण हे बघ ना, ह्यावर कोणी आवाज उठवला नाही का...”

“बाय माझे, भाषण नको. वाच. मला हे पाठ करायचंय, पाडायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मला गटाची बैठक होती, अंधेरीला. तिसऱ्या दिवशी मी झोपून राहिले. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आत्या, आज रात्री नक्की, आणि ती म्हणाली, “तू वाचशील गं. तुझ्या वेळेला. माझी वेळ पाचची आहे. पाचला तू असतेस का?” रागाने नाही म्हणाली. हिशेब सांगावा तसं म्हणाली. दोन वर्षं तिला कोणाची वाट बघावी लागली नव्हती आणि आता पुन्हा ती बघत होती, माझी, आईची, बाबांची. त्या घरात मला बसवेना. मी बाहेर पडायची, उतारावरून खाली जायची, परत वर यायची.

त्या अ‍ॅपचे मराठी वापरणारे फोनवरच्या एका गटात होते. सगळे आवाजाने बोलायचे, लिहिणं कमी. आत्या मला ते संदेश मोठ्याने ऐकवायची. अपडेटनंतर तो गट पेटला होता. एक बाई रडत बोलल्या, त्यांच्या मुलाच्या शाळेच्या वह्या त्या अ‍ॅपवरून तपासायच्या. एक जण मानखुर्दहून नुसत्या शिव्या देत होता, अगदी पाठोपाठ, श्वास न घेता, आणि शेवटी म्हणायचा, “सॉरी ताई लोक.” विलेपार्ल्याचे एक निवृत्त शिक्षक होते, जन्मांध. ते बोलायचे तेव्हा छापील पुस्तक बोलतंय असं वाटायचं. “आपण शांतपणे आणि मुद्देसूद निवेदन द्यावे, असे मला वाटते.” मानखुर्दवाला म्हणायचा, “सर, निवेदन द्या, पण दगडाला गुंडाळून द्या.”

आत्याने त्यांना सांगितलं, माझी भाची पत्रकं लिहिते. सरांनी मला संदेश पाठवला, आपण लिहिल्यास आम्ही ऋणी राहू.

मी पेटलेच. आमच्या गटात पोस्टर बनवणारा एक मित्र आहे, मुलुंडचा. त्याला फोन केला. आम्ही दोघं त्याच्या घरी बसलो, मी बोलत होते आणि तो मांडत होता. लाल पार्श्वभूमी, वर पांढरी जाड अक्षरं: ‘आमचं वाचन आम्हाला परत द्या’. खाली तीन मागण्या. जुन्या खुणा परत. वाक्य मागेपुढे करायची बटणं परत. सारांश नको, पूर्ण मजकूर आधी. कोपऱ्यात मित्राने फोन धरलेला एक हात काढला, बोटांवर लाटा उठल्यासारख्या. फार सुंदर काढला. मी म्हटलं, यार, हे तर छापायला पाहिजे.

संध्याकाळपर्यंत ते पोस्टर मी कितीतरी गटांत टाकलं. पाण्याच्या गटात, कॉलेजच्या, सोसायटीच्या, बाबांच्या गाववाल्यांच्या. लाल हृदयांचा पाऊस पडला. अंगठे. जोडलेले हात. कोणीतरी लिहिलं, डोळ्यात पाणी आलं. लोक पुढे पाठवत होते. मी फोन खालीच ठेवत नव्हते, दर मिनिटाला बघत होते. ते अंधांच्या गटातही टाकलं, आणि आत्याला वेगळं पाठवलं.

घरी आले तेव्हा आत्या भाजी निवडत होती. मेथीच्या काड्या बोटांनी चाचपून वेगळ्या करत होती. मी विचारलं, “वाचलंस?”

“काय पाठवलंस?”

“पत्रक! तुझ्यासाठी.”

तिने आणखी दोन-तीन काड्या खुडल्या. “माझा फोन म्हणतो, चित्र,” ती म्हणाली. “दुपारपासून पाच जणांकडून आलं. चित्र. चित्र. चित्र. नव्या अ‍ॅपला विचारलं, ते म्हणालं, ह्या चित्रात लाल रंग आहे आणि एक हात आहे.”

मी उभीच होते.

“कसला हात आहे गं?” तिने विचारलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, सरांचा आवाज. तिने मला ऐकू यावा म्हणून मोठा केला. “ताई, आपण आमच्यासाठी जे काही प्रसिद्ध केले आहे ते अतिशय सुंदर आहे, असे आमच्या सूनबाईंनी सांगितले.” मागोमाग मानखुर्दवाला. “सर, तुमच्याकडे सूनबाई तरी आहेत वाचायला. आमच्याकडे सून नाय, बायको नाय. कोणी सांगेल का काय छापलंय?”

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला अक्षर कसं दिसतं ह्याची फार चिंता असते. जाड करू का, लाल करू का, लांबून वाचता येईल का. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच वाचता येईल का, हा प्रश्न मला त्या आख्ख्या दिवसात एकदाही पडला नव्हता. त्या कंपनीतल्या लोकांनाही पडला नसेल. त्यांच्याकडेही एखादा मित्र असेल, सुंदर हात काढणारा.

“बस,” आत्या म्हणाली. “टाईप कर. मी सांगते.”

तिने सांगितलं, मी टाईप केलं. मी घातलेली विशेषणं तिने एकेक काढायला लावली. ‘निर्दयी’ काढलं. ‘भांडवलशाही’ काढलं. “ती कोण बाई?” तिने विचारलं, मुद्दाम. राहिल्या नऊ ओळी. मी कोण, कुठे काम करते, कुठली परीक्षा, किती दिवसांवर, काय गेलं, काय हवं. सगळ्यात शेवटी तिने एक वाक्य घातलं: माझ्या खुणा तुमच्याकडे कुठेतरी शिल्लक असतील तर निदान तेवढा आवाज मला परत द्या. गटातल्या सगळ्यांनी आपापल्या नऊ-नऊ ओळी पाठवल्या. आधीच्या पोस्टरला हृदय देणाऱ्यांना मी विनवलं, तुम्हीही लिहा. त्यातल्या किती जणांनी लिहिलं ते मी मोजलं नाही. ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी, “अगं हो, पाठवलं ना पुढे,” एवढंच सांगितलं.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. एका मिनिटाच्या आत. “आपला संदेश मिळाला. आपल्याला अ‍ॅपचे नवे रूप आवडलेले नाही, असे आम्हाला समजले. आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.”

आत्याने ते दोनदा ऐकलं. मग अशी हसली की तिला ठसका लागला. “माझ्या तक्रारीचा पण सारांश केला मेल्यांनी!”

मी हसले नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. कुठलं ऑफिस, कोण माणूस, कुठला मजला, काहीच नव्हतं. पाण्यासाठी आम्ही वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसतो. इथे पायऱ्याच नव्हत्या. कुठे बसायचं?

दुसऱ्या आठवड्यात माणसाने लिहिलेलं वाटेल असं एक उत्तर आलं, सरांना. त्यात म्हटलं होतं की जुन्या सोयी फार थोडे लोक वापरत होते, बहुसंख्य लोकांना सारांश पसंत आहे. सरांनी ते गटात ऐकवलं आणि पहिल्यांदाच त्यांचं छापील मराठी सुटलं. “थोडे म्हणजे कोण?” ते म्हणाले. “थोडे म्हणजे आम्ही.”

आत्या मात्र कामाला लागली होती. बाबांनी तिला साधा रेकॉर्डर आणून दिला. अ‍ॅपमधलं पान ती तीन पडदे ओलांडून एका दमात वाचून घ्यायची, रेकॉर्डरवर उतरवायची, आणि मग त्यावर बोलायची. दोन वर्षांच्या खुणा पाच आठवड्यांत पुन्हा. अर्ध्या आठवल्या, अर्ध्या नाही. एकदा पहाटे तिने मला हलवून उठवलं. “रजेच्या प्रकरणात मी एक जागी काहीतरी म्हणून ठेवलं होतं. काय होतं?”

“अरे देवा,” मी म्हटलं.

“ते माहितीये. पण का म्हटलं होतं? काहीतरी कारण होतं.”

मला माहीत नव्हतं. तिलाही आठवलं नाही. ती बराच वेळ ते पान पुन्हा पुन्हा लावत राहिली.

परीक्षेचं केंद्र घाटकोपरची एक शाळा होती. सकाळी दहाची वेळ. नऊला आम्ही रिक्षाने पोचलो, मी आणि ती. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, पर्समध्ये ओळखपत्र, लेखनिकाचं पत्र, पाण्याची बाटली. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. वॉचमन बाकड्यावर बसून चहा पीत होता.

“परीक्षा? इथे नाय आज. आज सुट्टी.”

“आहे,” मी म्हटलं, “सरकारी आहे, आतून बघा.”

“मी आतनंच आलोय, ताई.”

मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता, माझा आवाज वाढत होता. मी म्हटलं, सूचना वगैरे काही आली होती का? “आली की,” ती म्हणाली, “सोमवारी. ऑफिसच्या गटात. तिघांनी वेगळी पण पाठवली.” तिने फोन काढला आणि मला ऐकवलं. ऑफिसमधल्या कोणीतरी नोटीस बोर्डावरच्या कागदाचा फोटो काढून टाकला होता. त्याखाली नुसते जोडलेले हात. अ‍ॅपने त्या कागदाचं तिला सोमवारी जे सांगितलं होतं, तेच आता गोड आवाजात पुन्हा सांगितलं: “विभागीय परीक्षेसंबंधी सूचना. उमेदवारांनी ओळखपत्रासह वेळेवर उपस्थित राहावे.”

“हेच ना?” ती म्हणाली. “काय चुकलं?”

मी फोटो उघडून डोळ्यांनी वाचला. चौथी ओळ. अपरिहार्य कारणास्तव केंद्र बदलण्यात आले असून परीक्षा मुलुंड येथे होईल. वेळ साडेनऊ.

मी ती ओळ वाचून दाखवली. तिने माझा दंड पकडला, घट्ट, आणि आम्ही रस्त्यावर आलो. एक रिक्षा नाही म्हणाली, दुसरी नाही म्हणाली, तिसरीच्या समोर मी उभीच राहिले. हायवेला विक्रोळीपाशी सगळं थांबलेलं होतं. मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकून पुढे बघत होते, जणू मी बघितल्याने गाड्या हलणार होत्या. आत्या पूर्ण वेळ तोंडातल्या तोंडात नियम म्हणत होती. मध्येच थांबली. “तू सोमवारी घरी होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तुला दाखवलं नाही. दोन वर्षं कोणाला दाखवावं लागलं नव्हतं.”

मुलुंडला पोचायला दहा वाजून पाच मिनिटं झाली. अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत. दारावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं. मी भांडायला तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या हातावर चापट मारली आणि स्वतः बोलली. सूचना कशी आली, फोटोत आली, मजकूर कोणी लिहिला नाही. दोन वाक्यांत. आवाज चढवला नाही. बाई आत जाऊन कोणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, या, पण वाढीव वेळ मिळणार नाही.

मी बाहेर फाटकापाशी फेऱ्या मारत राहिले. एक वाजता ती बाहेर आली, केंद्रावर मिळालेली लेखनिक मुलगी तिला धरून आणत होती. मी विचारलं, कसा गेला?

“शेवटचे दोन राहिले,” आत्या म्हणाली. “दोन्ही येत होते.”

आम्ही खाली एका हॉटेलात बसलो. तिने इडली मागवली आणि खाल्ली नाही. “चला,” म्हणाली, “घरी पाणी भरायचं राहिलंय,” आणि पाणी तर सकाळीच भरून झालं होतं. मी तिला ते सांगितलं नाही.

निकाल अजून लागलेला नाही. रोज पाचला ती उठते. अ‍ॅप तसंच आहे, आणखी गोड झालंय. आमच्या मागण्यांना आणखी एकदा धन्यवाद आलेत. कंपनीला आम्ही सोडणार नाही, ते आमचं आम्ही बघू. ऑफिसातल्या त्या तिघांना मी भेटले. चांगली माणसं आहेत. “आम्ही लगेच पाठवलं होतं हो त्यांना,” असं म्हणाली. खरंच लगेच पाठवलं होतं.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही ह्या आठवड्यात कागदाचा फोटो काढून कुठल्यातरी गटात टाकलाय. सोसायटीची नोटीस, शाळेचं वेळापत्रक, पाणी बंद असल्याचं पत्रक, कोणाच्या तेराव्याचा निरोप. टाकलाय, मला माहीत आहे. मीही टाकलाय. त्या गटात कोण डोळ्यांनी वाचत नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि तो माणूस तुम्हाला विचारणारही नाही. तर हे पान खाली ठेवा. फोन उघडा, तो फोटो शोधा, आणि त्याच्या खाली त्यातला मजकूर टाईप करून टाका. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तारीख, वेळ, जागा, सगळं. दोन मिनिटं लागतील. मला हृदय पाठवू नका. आत्ता टाईप करा.